युद्धात अडकलेला परक्या व्यापाऱ्याचा पैसा: कोणाचा सुटतो, कोणाचा नाही

प्रश्न असा आहे: युद्धात एखादे शहर जिंकणाऱ्या सैन्याने तिथल्या परदेशी व्यापाऱ्याची रोकड अडकवून ठेवली, तर तो तटस्थ देशाचा नागरिक आहे एवढ्यावरच ती परत मिळायला हवी ना? आणि अमेरिकन यादवी युद्धात, 1862 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये धरलेले डच पेढीचे आठ लाख डॉलर सोडण्याचा निर्णय झाला, तर त्याच युद्धातले शेकडो ब्रिटिश दावे दहा-दहा वर्षे का रखडले आणि त्यातले बहुतेक का फेटाळले गेले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही. तटस्थ नागरिकत्व दावा दाखल करायला पुरते, पैसे परत मिळवायला पुरत नाही. अशा दाव्यांच्या फायली वाचण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. निकाल बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन ठरतो: सैनिकांनी हात घातला त्या दिवशी ती रोकड कोणाची होती, कोणत्या व्यवहारातून आली होती आणि कुठे निघाली होती. हे कागदावर दाखवता आले तर छोट्या देशाचा व्यापारीही जिंकतो. दाखवता आले नाही, तर जगातले सर्वात मोठे आरमार पाठीशी असूनही हरतो. न्यू ऑर्लिन्सचे डच प्रकरण त्यासाठीच नीट पाहायला हवे.

एप्रिल 1862 च्या अखेरीस संघराज्याच्या, म्हणजे वॉशिंग्टन सरकारच्या, आरमाराने ते शहर बंडखोर दक्षिणी राज्यांकडून (कॉन्फेडरेट राज्ये) घेतले आणि 1 मे रोजी जनरल बेंजामिन बटलर यांनी फौजेसह त्याचा ताबा घेतला. बटलर पेशाने वकील होते. शहरातल्या बँकांनी बरेचसे सोने-चांदी आधीच बंडखोर मुलुखात हलवले होते, आणि उरलेले परदेशी कॉन्सलांच्या (वाणिज्यदूतांच्या) आडोशाला दडवले आहे असा त्यांचा पक्का संशय होता. 10 मे रोजी कॅप्टन शिपली यांची तुकडी नेदरलँड्सचे कॉन्सल आमेदे कुतुरिए यांच्या कचेरीत शिरली. कुतुरिए यांनी तिजोरीची चावी द्यायचे नाकारले, तेव्हा त्यांची अंगझडती घेऊन ती काढून घेण्यात आली. आत 160 पिंपे होती, प्रत्येकात 5,000 मेक्सिकन चांदीचे डॉलर. एक नाणे सुमारे 27 ग्रॅमचे, म्हणजे एका पिंपात सव्वाशे किलोंहून जास्त चांदी आणि एकूण माल एकवीस टनांच्या वर. खिशात घालून पळवण्यासारखी ही रक्कम नव्हती. ती तिथे गाड्यांवर लादून आणलेली होती, आणि म्हणूनच तिच्या मागे हिशेबाचे कागद असणार होते.

कागद होतेही. सिटिझन्स बँक ऑफ लुइझियाना ही अ‍ॅमस्टरडॅमच्या होप अँड कंपनीची जुनी देणेकरी. बँकेच्या रोख्यांवरचे व्याज त्या पेढीमार्फत युरोपात चुकवले जाई. संघराज्याच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची केलेल्या नाकेबंदीमुळे युरोपवरच्या हुंड्या परवडेनाशा झाल्या, म्हणून बँकेने व्याजापोटी रोख चांदीच पेढीच्या स्थानिक आडत्याच्या हवाली केली आणि आडत्याने ती एप्रिलमध्ये, शहर पडण्यापूर्वी, कॉन्सलकडे ठेव म्हणून ठेवली. बटलर यांचे म्हणणे असे की हा सगळा बनाव आहे, रोकड शहराबाहेर नेण्यासाठी डच झेंड्याचा पडदा घेतला आहे. हा संशय अगदीच वेडगळ नव्हता, कारण असे बनाव त्या शहरात होत होते. पण संशयामुळे चौकशी सुरू करता येते. रक्कम कायमची ठेवून घ्यायला पुरावा लागतो.

वॉशिंग्टनमधले डच राजदूत रोस्ट फान लिंबुर्ख यांनी तक्रार केली, आणि परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी ती ज्या पद्धतीने हाताळली ती मला आजही अनुकरणीय वाटते. त्यांनी तक्रारीचे दोन भाग केले. कॉन्सलच्या अंगाला हात लावला आणि कचेरीत जबरदस्तीने शिरले, हा डच राज्याचा अपमान. त्याबद्दल त्यांनी लगेच खेद व्यक्त केला. चांदी कोणाची हा मात्र वस्तुस्थितीचा प्रश्न, म्हणून तो तपासायला बाहेरचा माणूस नेमला. हे होते बाल्टिमोरचे नामांकित वकील आणि माजी अ‍ॅटर्नी जनरल रेव्हर्डी जॉन्सन. जून 1862 मध्ये नेमणूक झाली आणि त्यांनी न्यू ऑर्लिन्सला जाऊन कागद मागवले, साक्षी घेतल्या. त्यांना दिसले ते असे: कर्ज खरे आणि युद्धाआधीचे, हवाला शहर पडण्याआधीचा, घेणारी पेढी अ‍ॅमस्टरडॅमची, आणि बंडखोर सरकारचा या रकमेशी संबंध दाखवणारा पुरावा नाही. चांदी परत करावी असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि सरकारने तो मानला.

दावे चालवणाऱ्यांनी ही विभागणी कायम ध्यानात ठेवावी. राज्याचा मान आणि व्यापाऱ्याचा पैसा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकाच पत्रात कालवल्या की एक धोका उभा राहतो: समोरचे सरकार माफी मागते, तुमचे सरकार समाधान पावते, फाइल मिटते आणि पैसा तसाच अडकून राहतो. मानाची तक्रार आठवड्यांत सुटते, पैशाची रेंगाळते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन पत्रे, दोन फायली.

कॉन्सलच्या कचेरीत ठेवल्यामुळे चांदी वाचली, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. 1862 मध्ये कॉन्सलची कचेरी राजदूताच्या निवासासारखी अभेद्य मानली जात नव्हती. कॉन्सलचे दफ्तर आणि कागदपत्रे यांना मान होता, त्याने सांभाळलेल्या व्यापारी मालाला नव्हता. आजही फार वेगळे नाही. 1963 च्या व्हिएन्ना करारात कॉन्सलच्या कचेरीला संरक्षण आहे, पण त्या जागेचा वापर कॉन्सलच्या कामाशी विसंगत रीतीने करू नये असेही त्यातच लिहिले आहे, आणि पेढ्यांची रोकड सांभाळणे हे कॉन्सलचे काम नव्हे. उलट ठेव तिथे ठेवल्याने संशय वाढतो. बटलर यांचे लक्ष तिकडे गेले ते त्यामुळेच. फ्रेंच कॉन्सल मेजां यांच्याकडेही मोठी रोकड होती. पुढे बंडखोर सैन्यासाठीच्या कापडाच्या व्यवहारात त्यांचा हात दिसू लागला आणि फ्रान्सने त्यांना परत बोलावले.

जॉन्सन यांच्यापुढे आणखी प्रकरणे होती. एका पेढीचा कापूस नाकेबंदी फोडून हवानाला गेला होता आणि त्याच्या विक्रीची हुंडी बटलर यांनी धरली होती. इथे आरमारी कायद्याचा जुना नियम कामी आला: नाकेबंदी मोडल्याची शिक्षा जहाज आणि माल त्या सफरीत पकडला गेला तरच होते. सफर पुरी झाली की दोष संपतो, विक्रीच्या पैशाला तो चिकटत नाही. लष्करी अधिकाऱ्याला हे पटणे अवघड जाते. त्याच्या दृष्टीने कायदा मोडून मिळवलेला पैसा म्हणजे जप्तीचा पैसा. दाव्याच्या कायद्यात मात्र जप्तीला स्वतःचा वेगळा आधार लागतो.

आता एका मुद्द्यावर जरा थांबतो, कारण तो मला सर्वात मोलाचा वाटतो आणि दाव्यांत तो हमखास विसरला जातो. तो म्हणजे सेनापतीने स्वतः दिलेला शब्द. शहरात शिरताना बटलर यांनी 1 मे तारखेचा जाहीरनामा काढला, तो 6 मे रोजी छापून आला. सर्व प्रकारचे मालमत्तेचे हक्क अबाधित राहतील, आणि ज्या परदेशी लोकांनी कॉन्फेडरेट राज्यांशी निष्ठेची शपथ घेतलेली नाही त्यांच्या जिवाला आणि मालाला पूर्वीसारखेच संरक्षण मिळेल, असे त्यात म्हटले होते. काही दिवसांतच, 15 मे रोजी, शहराजवळच्या सरोवरात ‘व्हेनिस’ नावाचे जहाज कापसासह आरमाराने पकडले. जहाज आणि कापूस न्यू ऑर्लिन्समध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या एका ब्रिटिश नागरिकाचे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे राहून व्यापार करणाऱ्या परदेशी माणसाचा माल एरवी शत्रूचाच धरला असता, पण शहर ताब्यात आले आणि जाहीरनामा निघाला, त्यानंतर त्याला शत्रूचा माल म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. माल परत गेला. पुढे ऑगस्ट 1863 मध्ये बटलर यांच्या जागी आलेल्या जनरल बँक्स यांनी बंडखोरांच्या खात्यांवरच्या जमा रकमा लष्कराकडे भरा असा हुकूम शहरातल्या बँकांना काढला, तेव्हाही त्याच जाहीरनाम्याचा आधार झाला. दिलेल्या वचनाविरुद्ध असलेला तो हुकूम न्यायालयाने 1872 मध्ये अवैध ठरवला.

म्हणून मी नेहमी सांगतो की अडकलेल्या पैशाच्या फाइलमध्ये पहिला कागद असावा तो सैन्याच्या जाहीरनाम्याचा, तारखेसह आणि मूळ छापील स्वरूपात. आंतरराष्ट्रीय कायद्याचे तत्त्व समोरचा पक्ष नाकारू शकतो. आपल्याच सेनापतीची सही नाकारणे त्याला फार जड जाते.

अर्थात जाहीरनाम्यातली अटही तितकीच खरी असते. न्यू ऑर्लिन्समधल्या परदेशी रहिवाशांच्या पलटणी होत्या. त्यातल्या ‘ब्रिटिश गार्ड’च्या लोकांनी शहर पडल्यावर आपली शस्त्रे बंडखोर सेनापती बोरेगार यांच्याकडे पाठवली. अशा माणसाने नंतर तटस्थतेचे संरक्षण मागितले तर त्याला कोण देणार? शहराच्या बचावनिधीला वर्गणी दिलेल्या पेढ्यांवर बटलर यांनी ऑगस्टमध्ये वर्गणीच्या 25 टक्के आकारणी बसवली आणि तो पैसा गरिबांच्या मदतीला वापरला. परदेशी पेढ्यांनी आपापल्या राजदूतांमार्फत आरडाओरडा केला, पण वर्गणीची यादी त्यांच्या नावांसह समोर होती.

राहण्याचे ठिकाण हा दुसरा घसरडा भाग. अलाबामात राहणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांनी कॉन्फेडरेट सैन्याला बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पुरवला, आणि त्यांचा कापूस सरकारने घेऊन विकला. परदेशी माणूस ज्या देशात राहतो त्याची तात्पुरती निष्ठा त्याच्यावर बंधनकारक असते, म्हणजे त्यांनी दोष केलाच, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण त्याच कारणाने 1868 च्या नाताळात राष्ट्राध्यक्षांनी दिलेली सरसकट माफी त्यांनाही लागू झाली, आणि पैसे मिळाले. उलट मँचेस्टरच्या एका व्यापाऱ्याने इंग्लंडात बसून बंडखोरांना माल पुरवला होता. तो अमेरिकेत राहतच नव्हता, म्हणून माफी त्याला लागू नव्हती, आणि सव्हाना इथे धरलेल्या त्याच्या कापसाचे पैसे 1877 च्या निकालाने गेले. इथे निवासच एकाला तारून गेला. लोकांना हे उलटे वाटते, पण हेच बारकावे सुरुवातीला तपासले नाहीत तर दावा चुकीच्या पायावर उभा राहतो.

मग सरळ कोर्टातच का जात नाहीत? काही वेळा जाता येते. अमेरिकेत 12 मार्च 1863 च्या कायद्याने ताब्यात घेतलेल्या मालाच्या विक्रीचे पैसे सरकारी तिजोरीत जमा होत, आणि बंडाला मदत केली नव्हती हे सिद्ध करणाऱ्या मालकाला युद्धानंतर दोन वर्षांत ते मागता येत. पुढे परदेशी लोकांना अट घातली गेली की त्यांच्या देशातही अमेरिकन माणसाला सरकारविरुद्ध असाच दावा लावता आला पाहिजे. इंग्लंडमध्ये राजाकडे अर्ज करण्याची जुनी पद्धत होती म्हणून ब्रिटिश लोक या अटीतून पार पडले.

पण जिथे असा खास कायदा नसतो तिथे कोर्टाचे दार बहुधा बंदच असते. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण पेशवाईच्या अखेरचे आहे. पेशव्यांचा किल्लेदार नारोबा याची संपत्ती 1818 मध्ये पुण्यात त्याच्या घरातून इंग्रज अधिकाऱ्यांनी एल्फिन्स्टनच्या अधिकाराखाली उचलली. पुण्यात तेव्हा लढाई चालू नव्हती. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने नारोबाच्या वारसदारांच्या बाजूने निकाल दिला. 1830 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायसभेने, तो फिरवला: ही युद्धातली जप्ती, दिवाणी न्यायालयाला यात अधिकारच नाही. नारोबाच्या वारसांच्या पाठीशी कोणतेही परके सरकार नव्हते, त्यामुळे तिथेच सगळे संपले. परदेशी व्यापाऱ्याला मात्र आपल्या सरकारकडे जाता येते, आणि राजनैतिक तक्रारीचे सारे महत्त्व यातच आहे.

त्या मदतीची किंमत मात्र आधीच माहीत असलेली बरी. सरकारने तुमचा दावा उचलला की कायद्याच्या दृष्टीने तो सरकारचा होतो. हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1924 मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडले. कधी मांडायचा, किती ताणायचा, कशाच्या बदल्यात सोडायचा हे सरकार ठरवते. व्यापाऱ्याला हे फार लागते. वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेली रक्कम मासेमारीच्या हक्कांच्या किंवा सीमेच्या वाटाघाटीत एक ओळ होऊन बसते. ब्रिटिश दाव्यांचे तसेच झाले. न्यू ऑर्लिन्सची चौकशी करणारे तेच जॉन्सन पुढे लंडनला राजदूत झाले आणि त्यांनी जानेवारी 1869 मध्ये लॉर्ड क्लॅरेंडन यांच्याशी दाव्यांचा करार केला. अमेरिकन सिनेटने तो 54 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला, कारण इंग्लंडात बांधलेल्या ‘अलाबामा’ या बंडखोरांच्या लढाऊ जहाजाने अमेरिकन व्यापारी जहाजांच्या केलेल्या नुकसानीवरून राग धुमसत होता. व्यापाऱ्यांच्या कागदांत काही खोट निघाली म्हणून हे झाले नाही. ते फक्त आणखी थांबले.

अखेर 1871 च्या वॉशिंग्टन तहाने मिश्र आयोग नेमला गेला: एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि अध्यक्ष म्हणून इटलीचे काउंट कोर्ती. ब्रिटिश नागरिकांचे 478 दावे आले, व्याज धरून सुमारे 9.6 कोटी डॉलरचे. 1873 मध्ये काम संपले तेव्हा 181 दावे मान्य झाले आणि एकूण रक्कम ठरली 19,29,819 डॉलर. आकडे पाहून अन्याय झाला असे वाटेल. मला तसे सरसकट म्हणवत नाही. बरेच दावे लढाईत जळालेल्या किंवा शत्रूच्या मुलुखात पडून असलेल्या मालाचे होते, आणि त्याची भरपाई कोणतेही सैन्य देत नाही. काही फुगवलेले होते. पण काही खरे दावे कागदाअभावी बुडाले यातही शंका नाही, आणि त्याचे वाईट वाटते.

नंतरच्या काळात नियम लेखी झाले. संघराज्याच्या सैन्यासाठी एप्रिल 1863 मध्ये निघालेल्या युद्धनियमांत सार्वजनिक पैसा विजेत्याचा, खासगी माल केवळ लष्करी गरजेपुरता आणि पावती देऊन घ्यायचा, असे आले. 1907 च्या हेग नियमावलीच्या कलम 46 ने खासगी मालमत्तेच्या जप्तीला मनाई केली आणि कलम 53 ने ताबेदार सैन्याला फक्त राज्याच्या मालकीची रोकड घेण्याची मुभा दिली. तरी वाद संपले नाहीत, कारण सैन्य ‘जप्त केले’ असे म्हणत नाही, ‘सांभाळायला घेतले’ असे म्हणते. दुसऱ्या महायुद्धात मनिलात जपानी लष्कराने शत्रुराष्ट्रांच्या बँकांची येणी बँक ऑफ तैवानकडे भरायला लावली. ही जप्ती नव्हे, तात्पुरता ताबा आहे, म्हणून कर्जदाराने केलेला भरणा वैध, असे फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये ठरवले. म्हणजे कर्जदार सुटला, बँक मात्र कोरडी राहिली. हा निकाल मला पटत नाही. तात्पुरत्या ताब्याचा पैसा हिशेबासह वेगळा ठेवलेला असला पाहिजे. तो सैन्याच्या खर्चात मिसळला की ताबा हे नुसते नाव उरते.

आता व्यवहाराचे. रक्कम घेतली जाते त्याच दिवशी लेखी विरोध नोंदवा आणि पावती मागा. पावती नाकारली तर कोणी, किती वाजता, कोणासमोर नाकारली ते लिहून साक्षीदाराची सही घ्या. नाणी कोणती, किती, कशात बांधलेली हे लिहा. डच चांदीच्या बाबतीत 160 पिंपे आणि प्रत्येकी 5,000 हा हिशेब दोन्ही बाजूंना मान्य होता, त्यामुळे भांडण रकमेवर न जाता मालकीवर राहिले. मूळ कर्ज, हुंडी किंवा विक्रीचा कागद युद्धाच्या आधीचा असेल तर तोच सर्वात वर ठेवा. परक्याचा पैसा आणि स्वतःचा पैसा एका तिजोरीत ठेवू नका. आडत्याने तो कोणाच्या वतीने धरला आहे हे पत्रात ठळक लिहिलेले असावे. आणि अर्धी रक्कम घेऊन ‘पूर्ण भरून पावले’ अशी सही करू नका, ती सही पुढे तुमच्या सरकारचेही हात बांधते.

शेवटी तारखा. दाव्यांचे करार कालमर्यादा घालतात आणि ती ओलांडून कोणीही काही देत नाही. 1871 च्या तहात 13 एप्रिल 1861 ते 9 एप्रिल 1865 या काळातली कृत्येच बसत होती. 1865 च्या मे महिन्यात कोणाचा कापूस किंवा पैसा धरला गेला असेल, तर पुरावा कितीही पक्का असला तरी या आयोगाच्या कक्षेत तो येत नव्हता. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या नुकसानभरपाई आयोगानेही 2 ऑगस्ट 1990 ते 2 मार्च 1991 अशीच चौकट धरली. तिथे भारतासह अनेक सरकारांनी आपल्या लोकांचे दावे एकत्र करून मुदतीत पाठवले, एकूण सुमारे 52.4 अब्ज डॉलर मंजूर झाले, आणि शेवटचा हप्ता 2022 मध्ये चुकता झाला. तुमचे प्रकरण नवे असो वा कुटुंबाच्या जुन्या कागदांतून निघालेले, आधी त्या युद्धाबाबत दाव्यांचा करार झाला होता का ते शोधा, त्यातली कालचौकट वाचा, आणि रक्कम ताब्यात घेतल्याची तारीख तिच्यात बसते का ते पाहा. बसत असेल तर वकिलाकडे जा आणि जाताना जाहीरनाम्याची प्रत बरोबर न्या.